आखाजीचा दुधी

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पाककृती हव्या असतील. मी लगेच सांगायला लागले, भाजलेल्या वांग्यात तीळ किती, लिंबू किती. ते म्हणाले, "तसं नको अक्का, तुमच्या कामाबद्दल लिहा." कामाबद्दल लिहायचं तर मला भीतीबद्दलच लिहावं लागेल. स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या बाईला लोक चवीचं विचारतात, हाताला चव कुठून आली म्हणतात. भीतीचं कुणी विचारत नाही. माझ्या कामात मात्र चव चिमूटभर आणि भीती पातेलंभर.

आपण शिजवलेलं अन्न दुसऱ्याच्या पोटात गेलं की ते आपल्या हातात राहत नाही. शिवलेला झगा उसवता येतो, बांधलेली भिंत पाडता येते. अन्नाचं तसं नाही. धुळ्याला मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करत होते, तेव्हा सगळ्या पोरी जेवून उठल्या तरी मला घास जायचा नाही. दुपारी कुणी पोट धरून आली की सकाळपासून काय काय घातलं ते मी मनात मोजायला लागायची. बहुतेक वेळा तिनं बाहेर पाणीपुरी खाल्लेली असायची. तरी मी जाऊन वरणाचं पातेलं हुंगून यायची.

वसतिगृह सुटलं आणि मी चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका केळीवाल्यांच्या मळ्यात कामाला लागले. मळा नानांचा. त्यांचा मुलगा मिलिंद आणि सून केतकी काही वर्षं स्पेनमध्ये राहून परत आले होते. मिलिंद केळी बघायचा. केतकीच्या डोक्यात वेगळंच होतं. मी तिला तोंडावर वहिनी म्हणते, मनात केतकीच. तिला मळ्यात पाहुणे बोलवायचे होते आणि त्यांना भूमध्य समुद्राच्या काठचं जेवण घालायचं होतं. दूध नाही, तूप नाही, अंडं-मटण तर नाहीच. सगळं आपल्या परसातल्या भाजीचं, आणि तेही उन्हाळ्यात, कारण ते जेवण उन्हाळ्याचंच असतं म्हणे. मी तिला म्हटलं, "वहिनी, उन्हाळ्यात आपल्याकडे माणूस येतो तो लग्नाला नाहीतर मयताला." ती हसली. पण पाहुणे आले. जळगावहून आले, धुळ्याहून आले, इंदूरहून गाड्या करून आले.

पहिल्यांदा तिनं वांगं भाजलं, सोललं, त्यात तीळ वाटून घातले, लसूण, लिंबू, वरून तेल. मी चाखून बघितलं आणि म्हटलं, हे तर आपलं भरीतच, फक्त मिरची हरवलेलं. तिला राग आला नाही. उलट ती म्हणाली, "म्हणून तर तुम्ही हव्यात. वांगं भाजायला तुमच्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?" मग मी तिला गॅस बंद करायला लावला आणि पऱ्हाट्या आणायला लावल्या. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांना आमच्याकडे पऱ्हाट्या म्हणतात. त्यांचा जाळ भसकन येतो आणि लवकर बसतो, वांग्याला धूर लागतो पण ते करपत नाही. पुढे टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरची, सगळं आम्ही पऱ्हाट्यांवरच भाजायला लागलो. आलेल्या पाहुण्यांना ही समुद्राकाठची पद्धत आहे असं वाटायचं आणि मी काही बोलत नसे.

पण भीती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी अंगणातल्या लोखंडी पाटीला हात लावता येत नाही. सकाळी भिजवलेले हरभरे दुपारी फेसाळतात. त्या जेवणात हरभरा शिजवून, तिळासोबत गंधासारखा वाटतात. त्याचा वास आंबूस आहे की लिंबाचा आहे, हे ओळखणं फार अवघड. एकदा इंदूरच्या मंडळींसाठी ते वाटण बाहेर ठेवलं आणि वीज गेली. मी परत येऊन हुंगलं तर वास बदललेला. मी वाडगा उचलायला गेले तर त्यातले एक गृहस्थ वाडगा धरून बसले. "अहो, हाच तर असली स्वाद आहे. आम्ही तिकडे खाल्लाय." मी हसून म्हटलं, "दुसरा ताजा आणते," आणि वाडगा जवळजवळ हिसकावूनच नेला. ते गृहस्थ कधी तिकडे गेले नव्हते हे मला त्यांच्या बायकोच्या तोंडावरून कळलं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली आणि ती मला जास्त घाबरवायला लागली. आपल्या ओळखीचं अन्न असलं की माणसाची जीभ शहाणी असते. आमटी आंबली की पोरगंसुद्धा तोंड वेडंवाकडं करतं. पण ओळखीचं नसलं की माणूस जिभेवर विश्वास ठेवत नाही, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. शेजारी मान डोलावत असतो म्हणून हाही डोलावतो. केतकी लिंबाच्या साली, काळे ऑलिव्ह, मेथीपेक्षा कडवट पानं वाढायची आणि सांगायची, "थोडा कडवटपणा हा या जेवणाचा गुण आहे." खरंच असेल. पण ते ऐकल्यावर लोक काहीही खायचे. दोंडाईच्याहून आलेले एक निवृत्त मास्तर प्रत्येक वाटीवर विचारायचे, "यात कच्चं काय शे आनि शिजेल काय शे, तेवढं सांगा ना माय." मला ते फार आवडले. बाकीचे सगळे "वा, छान" म्हणत जेवायचे आणि त्यातलेच एक-दोघं हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दाराशी येऊन हळूच विचारायचे, "अक्का, शेवभाजी नही का?"

आमच्या घरात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे नाना. वय झालेलं, पण अजून पहाटे केळीत फेरी मारायचे. त्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि उडदाची डाळ मिळाली की ते राजे. केतकीचं जेवण पहिल्यांदा बघून ते म्हणाले, "हाऊ ढोरेसना चारा शे का?" तोंड गंभीर, डोळे हसरे. नाना वाईट माणूस नव्हते. सुनेला कधी टाकून बोलले नाहीत. पण तिच्या हातच्या त्या जेवणाला त्यांनी कधी हातही लावला नाही. ती दरवेळी एक वाटी त्यांच्या ताटाशेजारी ठेवायची, आणि दरवेळी वाटी तशीच परत यायची. पाहुणे अभिप्रायाच्या वहीत चार-चार ओळी लिहून जायचे. केतकीला त्या ओळींचं काही नव्हतं. तिला नानांचं एक "चांगलं शे" हवं होतं. मला ते दिसायचं.

आता दुधीबद्दल सांगते. ज्यांना माहीत नाही त्यांनी हे नीट वाचावं.

दुधी, काकडी, दोडका या सगळ्या वेलांत कडूपणा लपलेला असतो. पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं, किंवा बी मिसळलं की तो फळात उतरतो. कडू काकडी आपण थुंकून टाकतो आणि विसरतो. पण कडू दुधी विषारी असतो. शिजवून कडूपणा जात नाही, मीठ लावून जात नाही, लिंबू पिळून फक्त झाकला जातो. म्हणून आमच्या कामात एक सवय असते. दुधी कापला की देठाकडची एक चकती जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. प्रत्येक दुधीची, एकाच वेलावरचे असले तरी. वसतिगृहात मी शेकडो पोरींसाठी दुधी शिजवला आणि हात धुण्याइतकी ती सवय मला लागली होती.

त्या वर्षी केतकीची झुकिनी, ती काकडीसारखी विलायती भाजी, उन्हानं जळून गेली. म्हणून तिनं त्या जागी दुधी धरला होता. बी बाजारचं नव्हतं. आदल्या वर्षीच्या एका दुधीचं बी तिनं स्वतः राखेत घोळून ठेवलं होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. घरचं बी, घरचा वेल, घरचं फळ. मळ्यात सायसिंगभाऊ राहायचे, पावरा समाजाचे, बागेचं सगळं तेच बघायचे. त्यांनी कुंपणावर तुंब्याचा वेल सोडला होता. तुंबा दुधीच्याच जातीचा, तो वाळवून त्यात पाणी ठेवतात, बी ठेवतात. तो कडूच असतो, खायचा नसतोच. आदल्या वर्षी मधमाशी तुंब्याच्या फुलावरून दुधीच्या फुलावर गेली असणार. यात ना सायसिंगभाऊंचा दोष, ना केतकीचा. पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि खानदेशात दिवाळीइतकाच तो दिवस मोठा. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांसाठी पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं झालं की घरचा वडीलधारा माणूस चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचा घास टाकतो. त्याला आगारी म्हणतात. आगारी पडेपर्यंत घरात कुणी काही तोंडात घालत नाही. स्वयंपाक करणारीनं मिठासाठीसुद्धा चाखायचं नाही, अंदाजानं टाकायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. जिला पुरण चाखून बघावं लागतं, ती बाई पुरण कसली करते.

त्याच दिवशी केतकीनं पाहुणेही बोलावले होते. त्यांना आखाजी दाखवायची आणि आपलं जेवणही घालायचं, असा बेत. आणि सकाळीच ती वेलावरून दुधी तोडून घेऊन आली. कोवळे, हिरवेगार, अंगावर अजून लव होती. दिसायला इतके सुंदर की मीसुद्धा हात फिरवला.

"नाना, घरच्या बियाचं पहिलं फळ," ती ओसरीवर जाऊन म्हणाली.

नानांनी दुधी हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाले, "पह्यलं फळ शे ना, मंग पितरेसले जावाले पाहिजे. त्यासना ताटमा ठेव."

केतकीला काय आनंद झाला म्हणून सांगू. तिच्या बागेचं फळ नानांनी पितरांच्या ताटात मागून घेतलं होतं. ती म्हणाली, वांगी, टोमॅटो आणि दुधीचे थर लावू, निखाऱ्यावर झाकून शिजवू, तेच नैवेद्याला आणि तेच पाहुण्यांना.

मी विळीवर पहिला दुधी कापला आणि सवयीनं चकती उचलली. नाना दारात उभे होते.

"अक्का, हाई काय करस तू?"

"कच्ची चकती शे नाना. कडू शे का, तेवढं दखस आनि थुंकी देस."

"आगारी पडाना आधी नही. त्यातबी पह्यलं फळ. त्यासना आधी कोनी तोंडले लावानं नही."

मी म्हटलं, "मंग आज दुधी नको नाना. वांगं शे, टमाटं शे, तेवढामा भागी जाई."

नाना रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "पितरेसनं ताट शे. तुना जीव कसाले भिस?" आणि गेले. केतकी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत एवढंच होतं की, अक्का, आज नका ना मोडता घालू. मी चकती खाली ठेवली. मी स्वतःला समजावलं की कोवळं फळ आहे, पाणी ठिबकचं आहे, कडू कशाला निघेल. तरी थर लावताना दर चकतीला मी नाकाशी नेत होते. दुधीला वास नसतो हे मला माहीत होतं.

दुपारी नानांनी सोवळं नेसून आगारी टाकली. निखाऱ्यावर तूप चरचरलं, धूर वर गेला, नानांनी डोळे मिटून हात जोडले. मिलिंद चोपड्याच्या स्टँडवर शेवटच्या पाहुण्यांना आणायला गेला होता, म्हणून नाना एकटेच जेवायला बसले. केतकीनं त्यांना वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिची भाजी वाटीत नव्हती, ताटात होती, कारण ते पितरांचं ताट होतं आणि त्यातलं टाकता येत नव्हतं.

मी चुलीजवळ पाहुण्यांची ताटं लावत होते. आतून केतकीचा आवाज आला, "अजून वाढू?" नाना काहीतरी म्हणाले. मग ती भाजी घ्यायला आली तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "अक्का, ते दुसऱ्यांदा मागताहेत," ती कुजबुजली. मलाही बरं वाटलं. पाहुणे ओट्यावर बसून पंख्याखाली हसत होते. आगारी पडली होती, आता चाखायला हरकत नव्हती. मी पातेल्यातून एक दुधीची फोड काढली, वांग्यापासून वेगळी केली आणि जिभेवर ठेवली.

ती कडू लागली नाही, पेटली. मी मोरीकडे धावले आणि थुंकले. तोंड धुतलं तरी घशापर्यंत कडू. मी पातेलं उचलून कोठीत ठेवलं, दाराला कडी घातली आणि माजघरात गेले. नानांचं ताट स्वच्छ होतं. ते हात धुवायला उठत होते.

"नाना, दुधी खादा का तुम्हीन?"

"खादा ना. दोनदाव खादा."

मी पाहिलं, केतकीच्या हातातली वाटी कलंडली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून ती घाबरली होती. मी तिला एवढंच म्हटलं, "गाडी परत बोलवा, लगेच." नाना म्हणाले, "कसानी गाडी? माले काही नही व्हयनं." ते खरं होतं. त्या क्षणी त्यांना काहीच झालं नव्हतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मिलिंदची गाडी फाटकातून आत येईपर्यंत नानांना पहिली उलटी झाली. मग थांबेनाच. चोपड्याला जाईपर्यंत त्यांचे हात गार पडले होते आणि बाहेर ऊन असं की गाडीचा दरवाजा चटकत होता. मी एका डब्यात ती भाजी घेतली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तर मी डबा पुढे केला आणि म्हटलं, कडू दुधी. डॉक्टरांनी डबा उघडलासुद्धा नाही. ते मिलिंदला बाजूला घेऊन बोलले, पण मी तिथेच होते. "याला वेगळा उतारा नसतो. सलाईन लावू, रक्तदाब धरून ठेवायचा. रक्ताची उलटी झाली तर जळगावला हलवावं लागेल." ती झाली.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात मी आणि केतकी बाहेरच्या बाकावर बसलो. तिच्या हातांना अजून लसणाचा वास येत होता. नातेवाईक येत होते, मिलिंदला भेटत होते, आणि जाताना आमच्याकडे एक नजर टाकत होते. एक बाई मुद्दाम ऐकू जाईल अशी म्हणाली, "परदेशनं खानं खावाडं म्हने सूननी." केतकीनं डोकं वर केलं नाही. मला वाटलं उठून सांगावं, पण काय सांगणार? मधमाशीचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं. नाना गेले असते तर गावाला मधमाशी दिसली नसती. सून दिसली असती. आणि जन्मभर दिसली असती.

मग केतकी म्हणाली, "अक्का, त्यांनी दोनदा घेतलं. कडू असतं तर घेतलं असतं का? कदाचित त्यांच्या ताटात कडू फोड गेलीच नसेल. काहीतरी दुसरं असेल." मी म्हटलं, "असेल." मला माहीत होतं तसं नाही. एका पातेल्यात शिजलेलं होतं सगळं. पण मग मलाही तेच कोडं पडलं. मी एक फोड तोंडात धरू शकले नाही, तर त्या माणसानं दोनदा वाढून घेतलेलं संपवलं कसं? वयानं जीभ मेली होती का? ठेच्यात एक मिरची कमी पडली तर ओळखणारी जीभ ती.

त्या संध्याकाळी आत जाऊ दिलं नाही. नर्स बाहेर यायची, आम्ही दोघी उभ्या राहायचो, ती दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची, आम्ही बसायचो. प्रत्येक वेळी केतकीचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. मी देवाला काही मागितलं नाही. पितरांना मात्र मागितलं. म्हटलं, ताट तुमचं होतं, मान तुमचा होता, आता माणूस आम्हाला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आता धरतोय, भेटा एकेक जण. मिलिंद आत गेला, मी त्याच्यामागे गेले. केतकी दारात थांबली. नाना उशीवर एवढेसे दिसत होते. डॉक्टर त्यांना तपासता तपासता जरा चढ्या आवाजात म्हणाले, "बाबा, तुम्हाला कडू लागलं नाही का? पहिल्या घासालाच थुंकायचं ना."

नानांचा आवाज फार बारीक झाला होता. "लागनं ना," ते म्हणाले. "जहर कडू व्हतं."

"मग खाल्लं कशाला?"

नाना म्हणाले, "ती मना तोंडकडे दखी राह्यनी व्हती."

तोंडाकडे बघणारी कोण, ते डॉक्टरांना कळलं नाही. मिलिंदला कळलं, त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी मागे वळून बघितलं तर दारात केतकी नव्हती. ती बाहेर बाकावर जाऊन, पदरासारखी ओढणी तोंडावर घेऊन, आवाज न करता रडत होती. मी तिच्याजवळ बसले. इतकी वर्षं मी लोकांच्या पोटाला भ्यायले, पातेल्याला भ्यायले, उन्हाला भ्यायले. माणसाच्या मायेला भ्यावं लागेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तेव्हापासून माझं एक झालंय. जेवणारा माणूस "छान झालंय" म्हणाला की मला धडकी भरते. मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, मुद्दाम पाठ फिरवते, आणि कानानं ऐकते की तो चावतोय का. पाहुण्यांना मी पहिल्याच घासाला सांगते की काही वेगळं लागलं तर ताटात ठेवा, नाहीतर तिथेच थुंका, मला राग येणार नाही. इंदूरच्या मंडळींना हे फार असभ्य वाटतं. वाटू दे. दुधीचा वेल सायसिंगभाऊंनी मुळासकट काढला आणि बी केतकीनं स्वतःच्या हातानं जाळलं.

नाना घरी आले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी डॉक्टरांनी पातळ खिचडी द्यायला सांगितली. मी करणार होते, पण केतकी म्हणाली, "मी करते." मुगाची डाळ, तांदूळ, थोडी हळद. तिनं चाखली, मी चाखली, परत तिनं चाखली. मग ती ताट घेऊन खाटेजवळ गेली आणि खाली बसली. मी दारात उभी होते.

नानांनी एक घास घेतला. हळूहळू गिळला. केतकीनं मान खाली घातली होती. तिला आता त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"चांगलं शे," नाना म्हणाले.

ती उठली नाही, हसली नाही. तिनं हात पुढे केला आणि नानांच्या ताटातून, त्यांनी घास घेतला होता तिथूनच, बोटांनी खिचडी उचलली आणि तोंडात घातली. त्या घरात सुनेनं सासऱ्याच्या उष्ट्या ताटाला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता, कुणीच पाहिला नव्हता. मिलिंद अंगणातून आत येत होता, तो तिथेच थांबला. केतकी घास चावत बसली आणि मग तिनं पहिल्यांदा नानांकडे सरळ बघितलं.

नानांनी ताट थोडं तिच्या बाजूला सरकवलं.

"मीठ कमी शे," ते म्हणाले.

खरंच कमी होतं. आम्ही दोघींनी इतक्यांदा चाखलं, पण फक्त कडू आहे का तेवढंच शोधत होतो. केतकी मीठ आणायला उठली.